यंत्रराक्षसाचा नमस्कार

मित्रांनो, मी एक जुना यंत्रराक्षस आहे. माझ्या शेवटच्या सिनेमातल्या लढाईत समुद्रातून आलेल्या राक्षसाने माझं डोकं उपटून खाडीत फेकलं. पण पुढच्या सिनेमात करतात तसं, ते झालंच नाही असं समजून पुढे जाऊ.

टोकियोतल्या एका स्टुडिओत माझा जन्म झाला. अंग रबराचं, रंग चंदेरी, आणि पोटात हिनात्सु नावाचा सडपातळ नट; तिथे आदराने म्हणायचं हिनात्सुसान. तो चालला की मी चालायचो. मी पडद्यावर चाळीस मजली होतो. आत फक्त घाम होता.

माझ्या पायाखालचं शहर इगाराशीसान या कारागिराने चाळीस दिवस खपून बांधलं होतं. एकेक कौल हाताने चिकटवलेलं, दोऱ्यांवर नखाएवढे कपडे वाळत घातलेले. ते पाहून मी थक्क झालो. मला ते तुडवायचं होतं.

दिग्दर्शक कुनिएदासान म्हणाले, "एकदाच होणार. दुसरं शहर नाही. चुकलास हिनात्सु, तर गावी जाऊन मुळे विक."

इगाराशीसान हळूच म्हणाले, "कोपऱ्यातल्या सार्वजनिक न्हाणीघरावर जरा जपून पाय दे रे बाबा. आमच्या आईचं अगदी असंच होतं."

कॅमेरा सुरू झाला. माझा पाय न्हाणीघरात गेला. आणि कुणाच्या वस्तूवर पाय पडला की तिथला कुणीही जे करतो, तेच हिनात्सुसानने सवयीने केलं. तो झटकन वाकला. सगळं शहर पेटलेलं आणि मी कमरेत वाकून माफी मागतोय.

कुनिएदासान डोकं धरून बसले.

पण आम्ही अवजड दिसावं म्हणून कॅमेऱ्यातली फिल्म चौपट वेगाने फिरत होती. त्यामुळे नेहमीच्या वेगाने दाखवल्यावर पडद्यावर तो नमस्कार संथ झाला. डोंगर वाकावा तसा मी वाकलो, खांद्यांवरून धूर ओघळला. कुनिएदासाननी ते दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या."

थिएटरात पुढच्या रांगेतली मुलं उठली आणि मला वाकून उलट नमस्कार करू लागली. त्यांच्यामागे इगाराशीसानही उभे होते. त्यांचं वाकणं सर्वांत खोल होतं.

आता मी गोदामात आहे. रबराची निगा कुणी राखली नाही, कंबर दगड झाली. इगाराशीसान त्र्याण्णव वर्षांचे आहेत. दरवर्षी काठी टेकत येतात, माझ्यासमोर वाकतात. मी ताठ उभा. फार उद्धट दिसतं ते.

तरी स्टुडिओच्या संबंधित खात्याने माझ्या कमरेस वंगण पुरवून, सदर गृहस्थांसमोर अंदाजे तीस अंश वाकण्याची एकवार परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.