झाडावर चढणारे खोगीर

मित्रांनो, घोड्याच्या पाठीवरचे खोगीर तुम्ही पाहिले असेल. मी मात्र झाडाचे खोगीर आहे. माझे वाहन दौडत नाही, खिंकाळत नाही. ते ओकवृक्षाच्या रूपाने डोंगराच्या सोंडेवर मुळे रोवून उभे असते. माझ्यात बसलेला माणूसच श्वास आवरून, धनुष्य सावरून त्याच्या खोडाला बिलगतो आणि खालून हरीण केव्हा जाईल याची वाट पाहतो. आता माझा रंग विटला आहे, आणि ॲपलाचियन डोंगरांतल्या एका शिवणाच्या खोलीत मी खुंटीला विसावले आहे. कोणी मला झाडावर नेत नाही. नवे खोगीर बेतायचे असले की मला मेजावर पसरतात आणि माझ्या कडेने खडू फिरवतात. एवढ्या मानावर मी तृप्त आहे.

माझा जन्म एका अपघाताच्या पोटी झाला. डॉयल हिंकल हा गृहस्थ पूर्वी झाडाला लोखंडी बैठक बांधून शिकार करी. त्या भागात हिवाळ्याचे मांस पुष्कळ घरांत हरणाचेच असते. त्यामुळे शरदात झाडावर बसणे हा तेथे छंदही आहे आणि घरसंसारही. एका वर्षी त्या बैठकीचा गंजका आकडा तुटला. डॉयल खाली कोसळला. गळ्याजवळचे हाड मोडले, कंबर दुखावली, आणि अवघा हिवाळा त्याने अंथरुणावर काढला. त्याच्या पत्नीने, मेल्वाने, तेव्हाच निक्षून सांगितले, "आता झाड म्हणजे सावलीला. वर चढायला नाही."

डॉयलने मान डोलावली. परंतु पुढच्या शरदात ओकची फळे टपटप गळू लागली, तेव्हा तो ओसरीवरच्या खुर्चीत बसून डोंगराकडे नुसता पाहत राही. ताटातला घेवडा आणि मक्याचा पाव निवून जाई. मेल्वाने काही दिवस ते पाहिले, आणि एका सकाळी विचारले, "जेवणार आहेस, की डोंगरच खाणार?"

"जेवतो ना," डॉयल म्हणाला, पण त्याने चमचा उचलला नाही.

मेल्वा मालमोटारींची आच्छादने शिवणाऱ्या कारखान्यात काम करीत असे. जाड कापड तिच्या हाताला लोण्यासारखे वळे. त्याच दिवशी तिने आच्छादनाच्या कापडाचा उरलेला तपकिरी तुकडा घरी आणला आणि जाहीर केले, "चढायचंय ना? मग मी शिवीन त्यातच बसायचं. पाय जमिनीवरून उचलल्यापासून परत जमिनीला लागेपर्यंत दोर सुटता कामा नये. कबूल?"

"कबूल!" डॉयल म्हणाला, आणि त्याने निवलेला घेवडा दोनदा वाढून घेतला.

अशा रीतीने मी घडू लागले. बसणाऱ्याच्या कमरेपासून मांड्यांपर्यंत पुरेल असे दुहेरी कापड तिने बेतले. पट्टे आणि दोर मात्र तिने गिर्यारोहणाच्या दुकानातून कोरे आणले. जुना पट्टा वापरू या, असे डॉयल सुचवू लागताच तिने नुसते त्याच्या गळ्याजवळच्या हाडाकडे पाहिले. प्रथम तिने सुती दोऱ्याने एक शिवण घातली. मग ओलाव्याने सूत कुजते हे आठवून ती सगळी उसवली आणि न कुजणाऱ्या चिवट दोऱ्याने पुन्हा घातली. जेथे जेथे भार पडणार, तेथे तिने चौकोन शिवून त्यात फुली मारली. माझ्या दोन्ही बाजूंना कड्या आल्या; त्यांत अडकवलेला दोर खोडाभोवती फिरून बसणाऱ्याला धरून ठेवी. कमरेचा पट्टा तेवढा तिने गाठीचा ठेवला, कारण जाड कोटावर तो सैल करावा लागे आणि पातळ सदऱ्यावर आवळावा लागे. गाठीच्या दोन्ही बाजूंना वीतभर टोके तिने मोकळी सोडली. पट्ट्याची गाठ भार पडला की केसभर सरकते. ती सरकायला जागा असावी, म्हणून ही टोके.

परीक्षेसाठी मला अंगणातल्या मेपलच्या फांदीला, जमिनीपासून हातभर वर टांगले. आधी दाण्याची पोती बसली. नंतर मेल्वाचा भाऊ ऑर्विल बसला. तो पोत्यांहून भारी होता.

"ताई, शिवण कुरकुरतेय गं!"

"शिवण नाही, तुझी विजार कुरकुरतेय. हलून दाखव."

"हलू? खाली पडलो तर?"

"हातभर खाली जमीन आहे. पडलास तर जमिनीची काळजी वाटेल मला."

ऑर्विल हलला, डोलला, अखेर लहान मुलासारखे झोके घेऊ लागला. माझा एकही टाका हलला नाही. मेल्वाने दोन्ही तळवे माझ्यावर क्षणभर टेकले. मित्रांनो, तो स्पर्श मला आशीर्वादासारखा वाटला. झाडावर चढण्यापूर्वी प्रत्येक वेळी असेच हातभर उंचीवर पूर्ण भार देऊन बसायचे, असा नियम तिने घालून दिला.

पहिला हंगाम सुखाचा गेला. उंच ओकवर डॉयल माझ्यात रेलून बसे, आणि वाऱ्याबरोबर आम्ही तिघे, झाड, माणूस आणि मी, मंद डोलत असू. त्या वर्षी घरात मांस आले. शेजारी मला हात लावून पाहत आणि म्हणत, "मेल्वा, आम्हालाही एक शिवून दे की."

पण कौतुकाच्या मागोमाग परीक्षा येते. दुसऱ्या हंगामात एका पहाटे हरणाचा मोठा नर अगदी टप्प्यात आला. डॉयलने प्रत्यंचा ओढली, तोच वारा सुटला आणि माझे मोकळे टोक सालीवर फटफट आपटले. नराने मान वर करून उडी घेतली. बाण पाचोळ्यात रुतला.

त्या डोंगरांत चाल अशी, की ज्याचा नेम चुकला त्याच्या सदऱ्याची मागची शेव कापून खिळ्याने भिंतीला ठोकायची. ऑर्विलची पडवी अशा चिंध्यांनी सजलेली होती. संध्याकाळी मंडळी जमली आणि ऑर्विल कात्री वाजवीत पुढे झाला.

"या दाजी, पाठ करा इकडे!"

"अरे, तो पट्टा वाजला म्हणून..."

"भिंतीवरच्या प्रत्येक चिंधीला असंच एक 'म्हणून' आहे, दाजी! कुणाचा वारा, कुणाची शिंक. तुमचा पट्टा."

सगळे खदखदा हसले. डॉयलही हसला, पण ते हसू ओठांपुरतेच होते. दुसऱ्या दिवशी त्याने गाडीच्या मागच्या फळीवर मला पसरले आणि ती वाजणारी टोके गाठीशी सुरीने छाटून टाकली. धागे सुटू नयेत म्हणून कडा पेटत्या काडीने वितळवल्या. काम इतके नीटस झाले की कोणाला संशयही येऊ नये. मेल्वाला त्याने काही सांगितले नाही. मला वाचा असती तर मी ओरडले असते.

त्यानंतर प्रत्येक बैठकीत गाठ केसकेस सरकू लागली. एका दुपारी आम्ही उंचावर असताना मला ती स्पष्ट जाणवली: टोक गाठीच्या तोंडाशी आले होते. डॉयल निश्चिंत होता. गुडघा खोडाला टेकून तो हळू आवाजात शीळ घालीत होता. त्याने कूस बदलली की माझे सगळे धागे ताठरत. मी माझ्या प्रत्येक टाक्याला मनोमन विनवीत होते, आणखी थोडा वेळ धरा. सुदैवाने उजेड असतानाच तो उतरला.

दुसऱ्या सकाळी नियमाप्रमाणे तो हातभर उंचीवर बसला, आणि गाठ सुटली. डॉयल पाचोळ्यात धप्पकन आपटला. लागले काहीच नाही. तो तसाच बसून राहिला. मग त्याने मान उचलून वर पाहिले, काल आपण जेथे शीळ घालीत होतो त्या उंचीकडे.

घरी येऊन त्याने मला मेजावर ठेवले आणि सारे सांगून टाकले. मेल्वा रागावली नाही. राग परवडला असता. तिने वितळलेली कड बोटाने चाचपली, मला खुंटीला अडकवले आणि ती पीठ मळायला गेली. हंगामाचे भर दिवस तसेच उलटू लागले. घरात बोलणे उरले ते मीठ-मिरीपुरते. डॉयलने एकदाही खुंटीकडे हात नेला नाही.

अखेर ऑर्विल आला. झाला प्रकार ऐकून त्याच्या तोंडची थट्टाच पळाली. "दाजी, त्या चिंध्यांपायी? सगळ्या उपटून चुलीत घालतो आत्ता!"

"चिंध्या राहू देत," मेल्वा म्हणाली. मग ती डॉयलकडे वळली. इतक्या दिवसांत प्रथमच तिचा आवाज ओलावला. "पट्टा वाजत होता, तर मला सांगायचं होतंस. मी काय फक्त मजबूत शिवते? बिनआवाजाचंही शिवता येतं मला."

"लाज वाटली गं," डॉयल म्हणाला. "तुझ्या कामात खोट काढल्यासारखं झालं असतं."

"खोट होतीच. काढायची होतीस. कापायची नव्हती."

त्याच दिवशी तिने मला नवा पट्टा जोडला. टोके पूर्वीपेक्षाही लांब सोडली आणि ती खोचून ठेवायला लोकरीच्या दोन पिशव्या शिवल्या. मग पायांत जाड बूट चढवून ती म्हणाली, "चल. आज आधी मी बसणार."

"तू? झाडावर?"

"ज्याच्यापायी माझा जीव टांगणीला लागतो, ते बघू तरी दे."

सोंडेवरच्या ओकपाशी ती प्रथम हातभर उंचीवर बसली. पूर्ण भार दिला, हलली, डोलली. मग खोडाला बांधलेल्या पायऱ्यांवरून एकेक करीत वर गेली. दोर क्षणभरही सुटला नाही. डॉयल बुंध्याशी उभा राहून दोर कसा सरकवायचा ते सांगत होता, आणि मेल्वा "कळलं रे" म्हणत होती. वर पोहोचल्यावर ती माझ्यात रेलली. वारा आला. झाडासह आम्ही डोललो. पाने झडून गेली होती. दरी तळापर्यंत उघडी दिसत होती.

"डॉयल," तिने वरून विचारले, "इथनं आपलं घर दिसतं?"

"दिसतं ना. धुराड्यातनं धूर वर आला, की तू चूल पेटवलीस हे कळतं. मग मी उतरतो."

मेल्वाने खाली घराच्या धुराड्याकडे पाहिले. माझ्या कडेवर टेकलेली तिची बोटे सैल झाली.

"आज चूल पेटलेली नाही," शेवटी ती म्हणाली. "बसते अजून थोडी."

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. ज्या वस्तूवर तुम्ही आपला जीव सोपवता, तिला प्रत्येक वेळी हात लावून पाहा. तिच्यात खुपणारे, वाजणारे, उगीचच वाटणारे काही आढळले, तर सुरी उचलण्यापूर्वी ज्याने ती घडवली त्याच्यापाशी जा आणि निःसंकोच विचारा. तो रागावणार नाही. बहुधा तो सुई-दोरा घेऊन तुमच्या शेजारी येऊन बसेल.