मनूचा श्रावण

अनुजा शिकायला जर्मनीला गेली आणि जाताना मनूला आईच्या, सुनेत्राबाईंच्या, गळ्यात घालून गेली. मनू म्हणजे अ‍ॅक्झोलॉटल. पाण्यातच राहणारा, चार पायांचा, फिकट गुलाबी, मानेच्या दोन्ही बाजूंना झुबकेदार तुरे मिरवणारा मेक्सिकोचा प्राणी. सुनेत्राबाईंनी त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा "शी, पाल" एवढंच म्हणाल्या होत्या. पण लालबागच्या त्या दोन खोल्यांत आता त्या एकट्याच, आणि त्यांना कुणाला तरी वाढल्याशिवाय घास उतरत नसे. महिन्याभरात ती पाल घरची झाली.

"रोज एकच नको घालूस हं," अनुजाने बजावलं होतं. "मुख्य गांडुळं, मधून कोळंबीचा तुकडा, कधी त्या गोठवलेल्या अळ्या. गोळ्या फक्त अडीनडीला."

आता हे मालवणच्या बाईला सांगायला हवं होय? बुधवारी बांगडा झाला तर शुक्रवारी तिसऱ्या करणारी बाई ती. गांडुळांचा डबा फ्रिजमध्ये दह्याशेजारी सुखाने नांदायला लागला. कोळंबी सोलली की पहिला तुकडा मनूचा. तो गपकन ओढून घ्यायचा आणि बाई एकट्याच हसायच्या.

मग श्रावण लागला. सासूबाईंच्या काळापासून या घरात श्रावण सुरू झाला की थेट गणपती विसर्जन होईपर्यंत मासळीचा वाससुद्धा नाही. बाईंनी फ्रिज धुऊन पुसून काढला. गांडुळं गेली, अळ्या गेल्या. राहिल्या गोळ्या. त्याही माशांच्या पिठाच्याच, डब्यावर ठसठशीत माशाचं चित्र होतं. पण गोळीत मासा दिसत नव्हता ना, मग बाईंनी तिकडे काणाडोळा केला. देवाशीसुद्धा माणूस कशी सोय लावून घेतं बघा.

मनू गोळी तोंडात घ्यायचा आणि थुंकून टाकायचा. पाणी गढूळ व्हायचं. बाई पाणी बदलायच्या, गारव्यासाठी बर्फाची बाटली सोडायच्या आणि म्हणायच्या, "भूक लागली की खाशील गुमान."

तळमजल्यावरच्या दीपकला मासे पाळायचा नाद. गणपतीच्या आठवडाभर आधी तो मखराचे कागद द्यायला आला आणि टाकीसमोर थबकला.

"काकी, याचे तुरे बारीक झालेत. गणपतीपर्यंत माझ्याकडे द्या ना. आमच्याकडे कसला आलाय श्रावण?"

बाईंना ते झोंबलं. "पोरीने माझ्या भरवशावर ठेवलाय तो. मी काय उपाशी मारतेय त्याला?"

दीपक जिना उतरून गेला. त्याच रात्री अनुजाने फोनवर विचारलं, "खातोय ना गं?"

"खातो की व्यवस्थित," बाई म्हणाल्या आणि फोन टाकीकडे न वळवता मखराकडे वळवला. मखर छान झालंय असं अनुजा म्हणाली.

दीड दिवसाचा गणपती पोचवला आणि दुसऱ्या सकाळी बाई चहासुद्धा न घेता बाजारात गेल्या. ताजी कोळंबी आणली, बारीक तुकडे केले, चिमट्यात धरून मनूच्या तोंडापाशी नेले. मनूने तोंड उघडलं. तुकडा अर्धा आत गेला आणि तसाच बाहेर पडून तळाशी जाऊन बसला. बाईंनी पुन्हा धरला. या वेळी तोंड उघडलं नाही.

आणि तेव्हा त्यांना आठवलं. अनुजा लहान होती, तापातून उठली होती, काही म्हणता काही खाईना. ऐन श्रावणात सासूबाईंनी कोळंबी आणून स्वतः चुलीवर सार ठेवलं होतं. "आई, श्रावण आहे ना," असं बाईच म्हणाल्या होत्या.

"पोराक खयचो श्रावण गो?" सासूबाईंनी मागे वळूनही न बघता विचारलं होतं.

ही वाट घरातच होती, तीसुद्धा नेम घालून देणाऱ्या बाईनेच दाखवलेली. सुनेत्राबाई टाकीच्या कडेला कपाळ टेकून रडल्या. संध्याकाळी मनू गेला.

त्याच रात्री त्यांनी अनुजाला सगळं सांगितलं. गोळ्यांचं सांगितलं, दीपकला नाही म्हटल्याचं सांगितलं, मखराचंही सांगितलं. अनुजा खूप वेळ रडली. रागावली असती तर बाईंना सोसलं असतं, पण ती एका शब्दाने बोलली नाही.

शेवटी नाक पुसत तिने विचारलं, "तू जेवलीस का?"

"जेवले की व्यवस्थित," बाई सवयीने म्हणून गेल्या.



"फोन फिरव, आई," अनुजा म्हणाली. "ताट दाखव मला."

ओट्यावर उरलेल्या कोळंबीचं कालवण तसंच झाकलेलं होतं. आजवर पोरीने त्यांच्या शब्दावर कधी पुरावा मागितला नव्हता.