पाठीमागे डोळे असलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी पुठ्ठ्याची गाडी आहे. हसू नका. पाठीमागे डोळे असलेली गाडी तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिली आहे?

मला शाळेच्या प्रयोगखोलीत मुलांनी घडवलं. बुटांच्या खोक्याचं अंग आणि पोटात इवलासा संगणक. मागे जाताना दोन गोल डोळ्यांतून मी तुम्हाला ऐकू न येणारा आवाज सोडते. तो कशावर आपटून परत आला, की मागे काहीतरी आहे हे मला कळतं आणि मी थांबते. माझं कोडिंग एका मुलीने केलं. सगळे तिला चिमणी म्हणत. आधी तिच्याकडून आज्ञा उलट्या लिहिल्या गेल्या, तेव्हा भिंत दिसली की मी जोरात धावायचे. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

चिमणीचे बाबा पावाची व्हॅन चालवत. व्हॅन सुरू झाली की तिचा रांगता भाऊ दाराबाहेर सुटायचा, आणि तो व्हॅनच्या मागे आला तर आरशात दिसायचा नाही. म्हणून तिला माझ्यासारखे डोळे व्हॅनला बसवायचे होते. भिंत, खुर्ची, बादली, सगळ्यांपाशी मी बरोबर थांबले. आमच्या शिक्षिका ताईंनी शाबासकी दिली. मी तर हवेतच होते!

बाबा मला बघायला आले, त्या दिवशी चिमणीने माझ्यामागे भावाचं लोकरीचं अस्वल ठेवलं. मी सरळ त्याच्यावर चढले. माझा काय दोष? मऊ लोकरीने माझा आवाजच गिळला. चिमणीचा चेहरा उतरला. थंडीत भाऊ लोकरीतच गुंडाळलेला असायचा.

बाबांना लेकीचं भारी कौतुक. एवढ्या अस्वलाचं काय घेऊन बसलीस, उद्याच बसवून टाकू, म्हणाले.

"नको बाबा. ही गप्प राहिली तर तुला वाटेल मागे कोणी नाही. तू उतरून बघत जा."

बाबांनी कबूल केलं आणि आठवण राहावी म्हणून मला व्हॅनमध्ये समोरच्या काचेपाशी ठेवलं. पुढे एका सकाळी व्हॅन मागे घेण्याआधी ते बघायला उतरले आणि परतले ते भावाला कडेवर घेऊनच. तो मागच्या चाकाशी बसला होता. बाबांनी त्याला बराच वेळ खाली ठेवलंच नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या गाड्या जरूर बनवा, त्यांचे लाडही करा. पण घरात कोणी गाडी मागे घेताना उतरायचा कंटाळा केला, तर हट्ट धरून बसा. एवढा हट्ट तुम्हाला शोभतो.