क्षाराचं ठिगळ

थेंबमास्तरांना चहा आवडणं म्हणजे उंबराचं फूल दिसणं. निदान त्यांच्या सुनेचा तरी तसा पक्का समज झाला होता.

थेंबमास्तर हे गावानं ठेवलेलं नाव. छत्तीस वर्षं हा माणूस गावच्या पाणीपुरवठ्यात पाणी तपासत होता. बाटलीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात साबणाचं पाणी थेंबथेंब सोडायचं, बाटली खदाखदा हलवायची आणि फेस टिकेपर्यंत थेंब मोजायचे. थेंब जितके जास्त, तितकं पाणी जड. आणि गावचं पाणी म्हणजे काय विचारता! अंगाला साबण लागायचा नाही, केसांचा झाडू व्हायचा, धुतलेल्या पेल्यांवर पांढरे डाग उठायचे. सगळं गाव त्या पाण्याच्या नावानं बोटं मोडायचं. मग धरणाचं हलकं पाणी आलं, आणि तेच गाव म्हणायला लागलं, "छे, जुन्या पाण्याची चव नाही हो!" घ्या आता.

सून लग्न होऊन घरात आली त्याच महिन्यात हे नवं पाणी आलं. मास्तर माणूस भला, तोंडानं चकार शब्द काढायचे नाहीत. पण पहिला घोट घेतला की कप खाली ठेवायचे आणि ओट्यावरच्या केटलीकडे बघत बसायचे. केटली सासूबाईंची होती. त्या जाऊन दोन वर्षं झालेली. सुनेनं त्यांना फोटोतच पाहिलेलं. जिवंत सासूशी भांडता तरी येतं. फोटोतल्या बाईचा चहा कधी बिघडतच नाही, तिच्यापुढे कुणाचा टिकाव लागणार? या माणसानं एकदा, फक्त एकदा, कप रिकामा करून खाली ठेवावा, एवढंच तिला हवं होतं.

एक दिवस तिनं केटलीत डोकावून पाहिलं. बाहेरून आरशासारखी लख्ख, आणि आत बोटाच्या पेराएवढा करडा-पांढरा थर. "अगं बाई! चहा बिघडणार नाही तर काय होणार!" ती स्वतःशीच म्हणाली. मास्तर दाढी करून घ्यायला बाहेर पडले, तशी तिनं पदर खोचला. केटलीत व्हिनेगर ओतलं, वर गरम पाणी. आत फसफस सुरू झाली. दोनदा तसंच केलं, उरलेला थर चमच्यानं खरवडला. अंड्याच्या कवचासारखे पापुद्रे सुटून आले. केटली आतून नव्यासारखी झाली, आणि बाई खूश होऊन तिच्यात चहाचं पाणी ठेवून मोकळी झाली.

चुर्र.

ज्योतीवर थेंब पडला. मग दुसरा. तिनं गॅस बंद केला, केटली रिकामी करून खिडकीकडे धरली. तळाला उजेडाचा एक ठिपका दिसत होता, सुईच्या टोकाएवढा. तेवढ्यात दार वाजलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी आईंची केटली फोडली." आणि तिला रडू फुटलं.

मास्तरांनी केटली हातात घेतली, एक डोळा मिटून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हा माणूस चक्क हसत होता.

"वेडी का काय! तू कुठली फोडतेस? ही फोडली तुझ्या सासूनं. लग्न होऊन तीन आठवडे झाले नव्हते. केटली गॅसवर ठेवली आणि बसली शेजारणीशी गप्पा छाटत! पाणी आटलं, तळ जळून भोक पडलं. केटली माझ्या आईची, आणि आई म्हणजे साक्षात जमदग्नी. ही बया केटली पिशवीत लपवून माझ्या ऑफिसात आली. रडून रडून नाक लाल."

"मग?"

"मी म्हटलं, आपलं पाणी एवढं जड आहे ना, त्याला कामाला लाव. मंद आचेवर ठेव. भोकातून झिरपेल ते तिथंच आटेल, आटेल तिथंच क्षार सोडेल. पंधरा दिवसांत ठिगळ बसेल. पंधरा दिवस ही केटलीला पाठीशी घालून उभी! आई गावभर सांगत सुटली, सून मोठी कामाची, ओट्यापासून हलत नाही." ते हसता हसता थांबले. "आईला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तुझी सासू गेल्यापासून मला एकट्यालाच. सांगणार कुणाला?"

सुनेनं डोळे पुसले. "मग पुन्हा ठेवू या ना पाणी."

"धरणाचं? जन्मभर उकळलंस तरी ठिगळ बसायचं नाही." मास्तर जरा विचारात पडले, आणि मग कॅन शोधायला उठले.

जुनं पंपघर बंद झालं होतं, पण आवारातल्या झाडांसाठीचा एक नळ अजून जुन्या बोअरवरच होता. मास्तरांनी खिशातून बाटली काढली, नळाखाली धरली आणि साबणाचे थेंब सोडायला लागले. "अठ्ठावीस… एकोणतीस… तीस… आला फेस! एका थेंबाचाही फरक नाही," ते म्हणाले. कुणी जुना मित्र भेटावा तसा त्यांचा चेहरा फुलला होता.

त्या दिवसापासून सासरा-सून आळीपाळीनं ओट्यापाशी पहारा द्यायला लागले. मास्तरांच्या मुलानं एकदा विचारलं, "तुम्हा दोघांचं काय चाललंय त्या केटलीसमोर?"

"काही नाही," दोघं एकदम म्हणाले.

सोळाव्या दिवशी ज्योतीवर थेंब पडला नाही. सुनेनं त्याच केटलीत, त्याच पाण्याचा चहा केला आणि उभी राहिली. मास्तरांनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"अगदी तसाच. मचूळ! चाळीस वर्षं असाच भिकार चहा प्यायलो मी." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायची त्यांना गरजही वाटली नाही. "तुझा चहा चांगला असतो गं पोरी. चांगला असतो म्हणूनच घशाखाली उतरत नव्हता."

ते सगळा चहा प्यायले. तळाशी उरलेला गाळसुद्धा. मग रिकामा कप तिच्यापुढे सरकवून म्हणाले, "आता नळाच्या पाण्याचा कर. दोन कप. तूही बस."