रमाबाईंच्या वाचनाचा संदर्भ

क्षितिजा धैर्यवान दादरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची आणि उरलेल्या वेळात एका ऑनलाइन मराठी ज्ञानकोशासाठी विनामोबदला काम करायची. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं असा तो ज्ञानकोश. तिथे ती 'प्राजक्त' या टोपणनावाने वावरायची. नवे लेख तपासायचे आणि ज्यांना छापील संदर्भ नाही ते हटवायला सुचवायचे, हे काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं.

दोन वर्षांपूर्वी लवू मांजरेकर या सदस्याचा एक लेख तिच्यासमोर आला. परळच्या एका गिरणीत, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्र ऐकायला जमायच्या. वाचता येणारी एकटी रमाबाई. ती मोठ्याने वाचायची, त्यामुळे तिचं जेवण राहायचं. मग सुट्टी संपल्यावर दोघीजणी तिचं मशीन सांभाळायच्या आणि ती कोपऱ्यात घाईघाईने भाकरी खायची. लेखात एकही संदर्भ नव्हता. प्राजक्तने तो हटवायला सुचवला.

लवूने खाली चर्चेत लिहिलं, "संदर्भ म्हणजे माझी आई, हीच रमाबाई. ती आता नाही. पण तिच्यासोबतच्या बेबी सावंत आहेत, कॉटन ग्रीनला. त्यांना विचारा." पुढे चाळीचा पूर्ण पत्ता होता.

"तोंडी माहिती इथे चालत नाही," प्राजक्तने उत्तर दिलं. आठ दिवसांनी लेख गेला. जाण्याआधी क्षितिजाने तो पत्ता आपल्या वहीत उतरवून घेतला होता.

सहा महिन्यांनी बढतीसाठी तिला एक शोधनिबंध हवा होता. ती कॉटन ग्रीनला गेली. बेबीताई तीन दुपारी बोलत राहिल्या, तिने सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. "माझो पत्तो कोणी दिल्यान गो?" त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कळलं असंच शोधता शोधता."

निबंधाच्या आभारांत ग्रंथालय होतं, प्राचार्य होते, बेबीताई होत्या. लवूचं नाव तिने टाइप केलं होतं, मग खोडलं. निबंध छापून आला, बढती मिळाली. त्याच वर्षी बेबीताई वारल्या.

या जानेवारीत तो लेख ज्ञानकोशावर परत आला. आता त्याला सहा संदर्भ होते आणि सहाही तिच्याच निबंधाचे. खाली लवूने लिहिलं होतं, "प्राजक्त यांस. लेख काढलात तेव्हा वाईट वाटलं होतं. पण तुमचं बरोबर होतं. आता क्षितिजा धैर्यवान नावाच्या विदुषींनी यावर काम केलंय. देव त्यांचं भलं करो."

स्टाफरूममध्ये तिने ते वाचलं आणि लॅपटॉप मिटला. दुसऱ्या तासाला मुलांना काय शिकवलं, ते तिला नंतर आठवेना.

लवूने आपल्या सदस्यपानावर लालबागच्या चाळीचं नाव आणि खोली नंबर भाबडेपणाने लिहून ठेवला होता. रविवारी ती तिथे गेली. सुनेने दार उघडलं. नाव ऐकताच आतून सत्तरीचा, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस उठून आला.

"सीमा, चाय ठेव गो. निबंधातल्या मॅडम इल्यात."

त्याने निबंधाची प्रिंट काढून आणली. ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. "एकच सांगू का? तुम्ही लिवलंय आई सातवी शिकलेली. चौथी होती ती. पण छापून आलंय, मी सांगणारा कोण. म्हणून सातवीच ठेवली."

"लवूकाका, ती चूक माझी आहे," ती म्हणाली. "आणि तुमचा लेख काढायला लावणारी प्राजक्त पण मीच. बेबीताईंचा पत्ता मी तुमच्याच चर्चेतून घेतला."

त्याने प्रिंटमधलं आभारांचं पान उघडलं. सीमा चहाचे कप ठेवून तिथेच उभी राहिली.

"मग माझं नाव का नाय टाकलंत?"

"ज्ञानकोशावरून विषय मिळाला म्हटलं असतं, तर निबंध हलका वाटला असता. मला भीती वाटली."

"म्हणजे आई चालली तुम्हाला," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "बेबीमावशी काय काय बोलली?"

तिने मोबाइल पुढे केला. बेबीताईंचा थकलेला आवाज खोलीत आला. रमा वाचताना आवाज कसा बदलायची, पुढाऱ्यांच्या नकला कशा करायची, एकदा मुकादमच ऐकत कसा उभा राहिला होता. निबंधात यातलं काहीच नव्हतं. लवूने चष्मा डोळ्यांवर घेतला, परत काढला.

"ह्या सगळा माका व्हया," तो म्हणाला. तिने तिन्ही दुपारींचं रेकॉर्डिंग सीमाच्या मोबाइलवर पाठवलं. ती निघताना तो थांबा म्हणाला नाही.

त्या आठवड्यात तिने प्राचार्यांना सगळं लेखी कळवलं आणि नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. पुढच्या अंकात चार ओळी छापून आल्या: विषय, मूळ माहिती आणि पत्ता लवू मांजरेकर यांचा, रमाबाईंचं शिक्षण चौथीपर्यंत. चौकशी झाली, समज मिळाली, बढती मात्र कायम राहिली. ती गेली नाही याचंच तिला अधिक लागलं.

लवूने त्या चार ओळींचा सातवा संदर्भ जोडला आणि लेखात चौथी केली. चर्चेतलं 'देव त्यांचं भलं करो' हे वाक्य त्याने काढून टाकलं होतं. बदलाच्या कारणासाठी असलेल्या जागेत फक्त एवढंच होतं: "आता बरोबर आहे."