बांधापलीकडची सुई

डास गोठ्याच्या भिंतीवर डोकं खाली, शेपूट वर करून तिरका बसला होता. अ‍ॅनाफिलीस असाच बसतो. पोट रक्तानं फुगलेलं होतं. ते रक्त सर्जेरावांचं की शेजारच्या कुंडलिकचं, याची त्यानं चौकशी केलेली नसावी. संशोधक करुणानं वहीत वेळ लिहिली: सहा वाजून वीस मिनिटं.

शेळगावच्या या वस्तीत दोन घरं, मध्ये दीड हाताचा बांध. बांधापायी दोघं अकरा वर्षं बोलत नव्हते. काही सांगायचंच असलं, तर आपापल्या म्हशीला सांगत. मोठ्यानं.

अंगणात बसून करुणानं चौथ्यांदा समजावलं, "आबा, ही लसीची चाचणी आहे. सुई घेतली की तुमच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतील. डास चावला की ती त्याच्या पोटात जातील आणि हिवतापाचे जंतू तिथंच अडवतील."

"म्हंजे मला हिवताप न्हाय?"

"तुम्हाला होऊ शकतो. तुमच्यामुळं दुसऱ्याला होणार नाही."

सर्जेराव म्हशीकडं वळले. "ऐकलंस गं? सुई मला, आन फायदा बांध कोरणाऱ्याला!"

पलीकडून कुंडलिकनं आपल्या म्हशीला सुनावलं. "चंद्रे, आपल्याला काय घाई? चेअरमन मानसांनी आदी दंड पुढं करावा."

सर्जेराव गावच्या सोसायटीचे चेअरमन; त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी याच विषयावर अभ्यास समिती नेमली होती. अध्यक्षही तेच होते. बैठक दोनदा तहकूब झाली होती.

"दोन्ही घरं तयार असली तरच," करुणा म्हणाली. "नाहीतर उद्या आमची जीप कळंबला जाईल."

आत सात वर्षांची श्रेया, सर्जेरावांची नात, दोन गोधड्यांखाली कुडकुडत होती. तीन महिन्यांतला तिसरा ताप.

"आन हिला परत येऊ नये म्हणून?" सर्जेरावांनी हळूच विचारलं.

"गोळ्यांनी हा ताप जाईल. पण तिला चावणारे डास आधी तुम्हा मोठ्यांना चावून येतात. इकडच्या आणि तिकडच्याही."

"म्हंजे कुंडल्याच्या सुईनं माझी नात..."

"आणि तुमच्या सुईनं त्यांची आई."

सर्जेराव उठले. सवयीनं म्हशीपाशी गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला, तोंड उघडलं. म्हशीनं कान टवकारले. पण ते वळले. मग बांधापर्यंत चालत गेले.

"कुंडलिक," ते म्हणाले, "मी सुई घेतोय. तू बी घे."