उपाशी ठेवायची झाडं

जंगलखात्यात त्यांना सगळे दगडसाहेब म्हणत. हे नाव कामावरून पडलंय, अकलेवरून नव्हे, अशी ते स्वतःची समजूत घालत. काळ्या दगडाची भुकटी जंगलात पसरली की पावसाच्या पाण्यात ती हळूहळू विरते, हवेतला कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवते, शिवाय झाडंही पोसते. हे सिद्ध करण्यात त्यांची चार वर्षं आणि बुटांचे तीन जोड झिजले होते.

शेजारी-शेजारी दोन तुकडे आखलेले. एकात भुकटी, दुसरा तुलनेसाठी तसाच. आज बुंध्यांना टेप लावली, तर दोन्हीकडची झाडं सारखीच जाड! चार वर्षांत डोळ्यांत भरेल असा फरक पडला होता तो फक्त साहेबांच्या कमरेच्या घेरात.

त्यांनी तिथेच बसकण मारली. मेहुण्यासमोर मारलेल्या बढाया एकेक करून आठवू लागल्या.

भुकटी पसरणारे रखवालदार मामा गोंधळले. "दोन्हीकडची झाडं तरारलीत की, साहेब!"

"दोन्हीकडची नको होती, मामा! त्या तुकड्याला आपण काहीच घातलं नव्हतं."

मामा टोपीशी चाळा करू लागले. "घातलं होतं थोडं. दरवर्षी उरलेली पोती."

"का?"

"एकाला द्यायचं आणि शेजारच्याला नुसतं बघत ठेवायचं? त्या झाडांनी आपलं काय घोडं मारलं होतं?"

साहेब ओरडणारच होते, एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं. सात परिषदांत त्यांनी हा प्रयोग घसा फोडून समजावला होता. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला मात्र एकदाही नाही. त्यांना हसू फुटलं, ते ठसका लागेपर्यंत थांबेना.

"कुंपणाबाहेरच्या झाडांना काही दिलेलं नाही, शप्पथ," मामा म्हणाले.

दोघांनी धावत जाऊन तीही मोजली. बारीक होती! साहेबांनी आनंदाने उडीच मारली. मग आठवलं, चार वर्षांपूर्वी ती मोजलीच नव्हती. कदाचित पहिल्यापासूनच काडीपैलवान असतील.

अहवालात त्यांनी पहिल्याच परिच्छेदात स्वतःची चूक लिहिली. वरिष्ठांनी दोनच शब्द कळवले, 'पुन्हा करा.'

या खेपेला साहेबांनी सगळी सकाळ मामांना प्रयोग समजावला. मामांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे कुणाला तरी उपाशी ठेवावंच लागणार?"

"हो."

"मग तुकडा तुम्ही निवडू नका, मीही नको. चिठ्ठ्या टाका."

शास्त्राच्या पुस्तकात हेच लिहिलं होतं. साहेबांनी चिठ्ठ्यांसाठी वहीचं पान फाडलं.